पोचा नसलेला ट्रॅक्टर

माझे डिचोलीच्या बाजारात वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. पाट्या गेल्या, बोरू गेले, आता नकाशेही कोणी विकत घेत नाही, पण वह्या अजून चालतात. दुकानाच्या मागच्या खोलीत माझे ट्रॅक्टर आहेत. खरे नव्हेत, हातभर लांबीच्या आतले. ते सगळे ज्या खोक्यातून आले त्याच खोक्यात आहेत आणि एकाचेही खोके मी उघडलेले नाही. आमच्या छंदात हा मोठा गुण समजतात. माझी बायको याला वेगळे नाव ठेवते, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

सगुण परब पहिल्यांदा दुकानात आले ते असाच एक ट्रॅक्टर मागायला. पन्नाशी उलटलेला, काटक माणूस. अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, वरच्या खिशात रुमालात गुंडाळलेले काहीतरी जड.

"ट्रॅक्टर आसा?"

"भुरग्याक?" मुलासाठी असेल असे वाटून मी विचारले.

"ना. माका."

मी विकायला ठेवलेल्यांतला एक लाल ट्रॅक्टर काढून दिला. त्यांनी खोके फाडून काउंटरवर टाकले, खिशातला रुमाल सोडला, आतून पक्कड काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरचे डावे टोक धरून खाली वाकवले. मग सायलेन्सर मुळातून मोडून खिशात टाकला.

"अवो, मोडलो नी तुमी!" मी ओरडलोच.

"मोडूंक ना," ते शांतपणे म्हणाले. "वळखीचो केलो. हो आतां कोरगांवच्या शंकराचो."

ट्रॅक्टर खिशात कोंबून ते निघून गेले. मला त्या माणसाचा इतका राग आला की दुपारी जेवण गेले नाही. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले तेव्हा मात्र मी त्यांना आत बोलावून माझे कपाट दाखवले. त्यांनी ते हात पाठीमागे बांधून, एकेक खोके वाचत, पाहुण्याच्या सभ्यतेने पाहिले. मग म्हणाले, "भाई, पेटयेंत मेल्लो मनीस घालतात. हे जिवेच घातल्यात तुवें."

त्या दिवसापासून आमची मैत्री जमली. सगुणबाब जाऊन आता दीड वर्ष झाले, आणि माझी खोकी अजून बंदच आहेत. पण हल्ली एखादे हातात घेतले की ते वाक्य आठवते आणि मजा जाते.

ते तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. घरही तुयेलाच बांधलेले, दोन खोल्या आणि पुढे पडवी. आठवड्याचे सहा दिवस कारखान्याची यंत्रे, आणि रविवारी पेडणे तालुक्यातले ट्रॅक्टर. कोणाचाही ट्रॅक्टर बंद पडला की निरोप यायचा आणि सगुणबाब स्कूटर घेऊन निघायचे. मजुरी घेत नसत, जेवून येत. मासे नसले तर तोंड वाकडे करून जेवत, पण जेवत.

ट्रॅक्टर दुरुस्त करून झाला की ते शंभर पानी वही काढत, बिनरेघी, माझ्याच दुकानातली, आणि ट्रॅक्टरचे चित्र काढत. चित्र कसले, पंचनामाच तो. कुठे पोचा आहे, कुठला दिवा फुटलाय, सीटला काय बांधलेय, बॉनेटवर कोणत्या देवाचे चित्र चिकटवलेय आणि त्याचा कोणता कोपरा सुटलाय. मग घरी बसून त्याची प्रतिकृती करायची. बाजारात तसा ट्रॅक्टर मिळाला तर तो मोडून, नाही मिळाला तर बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून. जुन्या चपलेच्या रबराचे टायर, बॉलपेनच्या कांडीचा सायलेन्सर. रंग ढवळायला घरातली एक कुलेर त्यांनी कायमची पळवली होती आणि त्या चमच्यावरून शेवंतीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, आल्यागेल्याकडे तक्रार करीत असत.

"नवो आसता तेन्ना सगळे ट्रॅक्टर सारके," ते म्हणत. "पोचो पडलो की तेका धनी मेळटा."

हे त्यांचे आवडते वाक्य. दुसरा एक नियमच होता: ट्रॅक्टर त्या घरातून गेला तेव्हा जसा होता, किंवा आज जसा आहे, तसाच करायचा. त्याला मागे नेऊन नवा करायचा नाही. आमच्यातला कोणी आपल्या जुन्या मॉडेलला रंग देऊन आणला की सगुणबाब त्याच्याकडे बघायचेच नाहीत. बशीतला चहा फुर्रकन ओढायचे आणि पोयीच्या पावाचा तुकडा बुडवत बसायचे.

आमच्यातला म्हणजे आमच्या मंडळातला. पेडणे, डिचोली आणि सीमेपलीकडे सावंतवाडीपर्यंतचे आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येकाने एक ट्रॅक्टर आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि इतरांनी त्यात खोड काढायची. पोटभर खोडी काढून झाल्या की चहा. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. तो आहेच. पण देवळाच्या कमिटीत भांडत बसण्यापेक्षा बरा.

मंडळातले सगळ्यांत मोठे प्रस्थ म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. त्यांचे ट्रॅक्टर परदेशातून येतात आणि ते पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावत नाहीत. दात काढताना घालतात की नाही ते मी पाहिलेले नाही. सगुणबाब पहिल्यांदा मंडळात आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा ट्रॅक्टर हातमोज्यांनी उचलला, उलटा केला, पाहिला आणि हळूच खाली ठेवला.

"गंज चढलाय," ते म्हणाले. "बंपर वाकडा, एक दिवा नाही. याला मॉडेल म्हणत नाहीत, सगुणबाब. मॉडेल कंपनीतून निघाले तसे असायला हवे."

"कंपनीत कोण नांगरता, दोतोर?" सगुणबाबांनी विचारले.

डॉक्टरांनी चहाचा कप पुढे ओढला. पण चहा पिताना मी बघत होतो, त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या वाकड्या बंपरकडे जात होती.

आता त्यांची खरी रीत सांगतो, जी मी दुसऱ्या कोणत्याही संग्राहकात पाहिली नाही. ट्रॅक्टर तयार झाला म्हणजे तो कपाटात जात नसे. तो आधी ज्याचा त्याच्या घरी जायचा. सगुणबाब पडवीत बसायचे, ट्रॅक्टर काढून समोर ठेवायचे आणि प्यायला पाणी मागायचे. याहून एक अक्षर बोलायचे नाही. घरच्याने आपण होऊन 'हो आमचो' म्हटले तर ट्रॅक्टर पास. नाही म्हटले तर परत कामाच्या टेबलावर.

इब्रामपूरला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरधनी सुपारी सोलत बसला होता. त्याने समोर ठेवलेल्या निळ्या ट्रॅक्टरकडे पाहिले आणि म्हणाला, "बरो खेळ केला. नातवाक?" सगुणबाबांचा चेहरा पडला.  माझ्या तर तोंडून निघून जात होते की अहो, हा तुमचाच, पण त्यांनी माझ्या पायावर पाय ठेवला. एवढ्यात घरधनीण पाणी घेऊन आली. तांब्या तसाच हातात धरून ती वाकली आणि ट्रॅक्टरच्या सीटवर बोट ठेवून म्हणाली, "अगो बाय! हें म्हजें कापड!"

सीटला तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची. सगुणबाबांनी तसल्याच हिरव्यावर पिवळे ठिपके असलेली नखाएवढी चिंधी शोधून बांधली होती. मग नवऱ्यालाही सगळे दिसू लागले, स्टिअरिंगची तुटलेली कड, मागची गंजलेली साखळी. बाईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. परत येताना सगुणबाब स्कूटरवर गाणे म्हणत होते. आवाज अगदी वाईट होता.

असे पास झालेले ट्रॅक्टर त्यांच्या काचेच्या कपाटात गावाप्रमाणे रांगेने उभे असत. नापास फक्त एक होता. तो कपाटाबाहेर, वहिनींच्या शिवणयंत्राच्या टेबलावर असायचा. त्या आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज शिवत. कापड पसरायचे झाले की त्या तो उचलून जनेलात, म्हणजे खिडकीत, ठेवायच्या आणि शिवण संपली की परत टेबलावर. "घरची सवत," म्हणायच्या.

तो त्यांच्या स्वतःच्या घरचा ट्रॅक्टर होता.

परबांचे मूळ घर चोपड्याला, शापोरा नदीच्या काठाला. तिथे सगुणबाबांचा धाकटा भाऊ नारायण राहतो आणि शेती बघतो. शेती खाजनाची, म्हणजे भरतीचे खारे पाणी मातीच्या बांधाने अडवून केलेली. बांधात पाणी आत-बाहेर करायला लाकडी झडपांची वाट असते, तिला मानस म्हणतात. बांध आणि मानस शाबूत तर भात. नाहीतर भाताच्या जागी खेकडे.

दोघे भाऊ तरुण असताना त्यांनी मिळून एक जुना ट्रॅक्टर घेतला होता. आणि त्यानंतर जे झाले ते चोपड्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. नारायणाने एका संध्याकाळी रस्ता सोडून ट्रॅक्टर बांधावर घातला. बांध खचला, ट्रॅक्टर मानशीवर उलटला, झडपा मोडल्या आणि भरतीचे पाणी आत शिरले. त्या वर्षी अर्ध्या वाड्याचे भात खारे झाले. सगळ्यांत जास्त नुकसान शेवंतीवहिनींच्या वडिलांचे. त्यांचे शेत मानशीला लागूनच होते, आणि पुढच्याच महिन्यात वहिनींचे सगुणबाबांशी लग्न ठरलेले होते. सभा बसली. वीस वर्षांच्या नारायणाने देवळात सगळ्यांसमोर नारळ ठेवून 'म्हजी चूक' असे सांगितले. लग्न ठरल्याप्रमाणे झाले. पण नारायणाच्या नावाला ते कायमचे चिकटले. गावात दुसरा नारायण असल्यामुळे याला 'मानशीवयलो नारायण' म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वाईट म्हटल्यासारखेही वाटत नाही. त्यानंतर तो कधी ट्रॅक्टरवर बसला नाही. ट्रॅक्टर आणखी दोन वर्षे घरात होता, मग विकला.

या ट्रॅक्टरची प्रतिकृती सगुणबाब दरवर्षी चवथीला चोपड्याला नेत. सगळे कुटुंब मूळ घरच्या गणपतीला जमायचे. आरती झाली आणि पाने मांडायला सुरुवात झाली की सोप्यावर बसलेल्या भावापुढे ते ट्रॅक्टर ठेवायचे आणि पाणी मागायचे. नारायण चष्मा लावून तो उचलायचा, नीट फिरवून बघायचा आणि परत ठेवायचा.

"हो आमचो न्हय."

बस्स. दहा वर्षे हेच. राग नाही, हसणे नाही. सगुणबाब परत येऊन काहीतरी बदलायचे. एका वर्षी सीट. एका वर्षी लाल रंगाची छटा. एका वर्षी दोन महिने खपून पुढच्या चाकाचे बोल्ट मोजून बसवले. पुढच्या चवथीला पुन्हा 'हो आमचो न्हय.' त्या दिवशी ते जेवायचे नाहीत फारसे, असे वहिनी सांगायच्या.

मला एकदा त्यांनी जुन्या वह्या चाळायला दिल्या होत्या. त्यात त्यांच्या घरच्या ट्रॅक्टरचे पान होते. सगळे बारीकसारीक टिपलेले, पण उजव्या मडगार्डाच्या जागी कागद खडबडीत झालेला. मी चाळीस वर्षे खोडरबर विकतोय. कागद कधी एकदा खोडलाय आणि कधी दहादा, ते मला बोट फिरवून कळते. तिथे काहीतरी काढले होते आणि खोडले होते, पुन्हा काढले आणि पुन्हा खोडले होते.

"सगुणबाब, हांगा कितें आसलें?"

"तुजो कागद वायट," ते म्हणाले आणि वही काढून घेतली.

मी काय समजायचे ते समजलो. ट्रॅक्टर उलटला तर मडगार्डाला पोचा पडणारच, आणि तो पोचा घेऊनच तो घरात दोन वर्षे राहिला असणार. नियमाप्रमाणे तो पोचा पाहिजे. पण तो दाखवला तर दर चवथीला घरच्या सगळ्यांपुढे धाकट्या भावाची चूक पुन्हा मांडल्यासारखे होणार. म्हणून सगुणबाबांनी, जन्मात कोणाच्या ट्रॅक्टरचा एक ओरखडा न सोडणाऱ्या माणसाने, एवढी एक गोष्ट सोडली होती. मला त्यांचे फार कौतुक वाटले. मी तसे डॉक्टरांनाही सांगितले. म्हटले, भाऊ असावा तर असा.

पुढे एका उन्हाळ्यात मंडळाने पेडण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवले. माझ्या खोक्यांपाशी कोणी थांबेना. डॉक्टरांच्या टेबलापाशी मुले यायची, हात लावू देत नाहीत म्हटल्यावर जायची. आणि सगुणबाबांच्या टेबलाभोवती जत्रा. तालुक्यातले शेतकरी येऊन आपापला ट्रॅक्टर शोधत होते, सापडला की ओरडत होते, बायकांना हाका मारत होते. दुपारनंतर डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले आणि सगुणबाबांच्या टेबलाशी येऊन लोकांना माहिती सांगायला लागले, जशी काही त्यांनीच पक्कड मारली होती.

नारायणही आला होता. त्याच्या मुलीचे नुकतेच लग्न झाले होते आणि नवा जावई बरोबर होता. नारायण कौतुकाने त्याला सांगत होता, "हें सगळें आमच्या दादान केलां." तेवढ्यात चोपड्याचा एक जण गर्दीतून ओरडला, "नारायणा, तुवें मानशीर घातलेलो तो खंय रे? तो कर म्हण दादाक, झडपां सकट!"

सगळे हसले. नारायणही हसला, त्याला सवय होती. जावयाला काही कळले नाही, तेव्हा त्या माणसाने त्याला सगळी गोष्ट रंगवून सांगितली. जावईही हसला, आणि सासऱ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघू लागला. नारायण तसाच हसत उभा होता, पण आता त्याचे हात काय करावे ते न कळून शर्टाची बटणे चाचपत होते.

मी सगुणबाबांकडे पाहिले. ते टेबलाची कड धरून उभे होते. मला वाटले त्यांना चक्कर येतेय. मी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

त्या वर्षीच्या चवथीला त्यांनी मला आपण होऊन बोलावले. "भाई, चोपड्याक यो. जेवपाक." आमच्या घरची चवथ सोडून कसा येऊ, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "यो." एवढेच. मी आमची पूजा आटपून, बायकोची बोलणी खाऊन निघालो.

पोचलो तेव्हा आरती संपत आली होती. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभ्या माणसांत नारायणाची मुलगी आणि जावईही होते. प्रसाद झाला. आत बायका पाने मांडू लागल्या आणि पुरुषमंडळी सोप्यावर येऊन बसली. शेवंतीवहिनी केळीची पाने पुसत दारात उभ्या होत्या. सगुणबाबांनी बिस्किटांच्या डब्यातून ट्रॅक्टर काढला आणि भावासमोर ठेवला. या वेळी पाणी मागितले नाही.

नारायणाने चष्मा लावला. उचलून फिरवला. ठेवला.

"हो आमचो न्हय, दादा."

"न्हयच," सगुणबाब म्हणाले.

त्यांनी खिशातला रुमाल सोडला. पक्कड काढली, ट्रॅक्टर मांडीवर घेतला आणि उजवे मडगार्ड धरून आत वाकवले. पत्र्याचा कट्ट असा आवाज झाला.

"अवो, सणादिसाचे मोडतात कित्याक?" वहिनी म्हणाल्या.

"मोडलेलोच आसलो," ते म्हणाले. आवाज कारखान्यातल्या माणसाचा असतो तसा, जरा मोठा, आणि नजर वहिनींकडे. "हांवें मोडलेलो. नारायणान न्हय. ट्रॅक्टर हांव चलयतालों. हो मडगार्डार बसलेलो. तुका देवळाकडे भेटपाची घाय आसली, म्हणून बांधार घातलो. उल्टलो तेन्ना हो म्हणालो, दादा, तूं धांव, तुजें लग्न मोडटलें. आनी हांव धांवलों."

 शेजारच्या घरात आरती चालू होती, तिथल्या झांजा तेवढ्या ऐकू येत होत्या. मला माझीच लाज वाटली. भाऊ असावा तर असा, हे मी बरोबर म्हटले होते, फक्त चुकीच्या भावाला. त्या पानावर ते इतकी वर्षे जे खोडत होते ते स्वतःचे होते.

वहिनींच्या हातात पान तसेच होते. त्या नवऱ्याकडे नव्हे, दिराकडे बघत होत्या.

"म्हजो बापूय भावजींक गाळी घालीत मेलो," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

सगुणबाबांनी ट्रॅक्टर पुन्हा भावासमोर ठेवला.  नारायणाने चष्मा काढून पुसला, लावला आणि ट्रॅक्टर उचलून मडगार्ड बघितले. बराच वेळ बघितले. मग मान हलवली.

"इतलो न्हय," तो म्हणाला. "चड."

आणि अंगठा लावून त्याने तो पोचा आणखी आत दाबला, मडगार्ड टायरला टेकेपर्यंत. जावयाला जवळ बोलावून त्याच्या हातात दिला.

"हो आमचो," तो म्हणाला.

हे इथेच संपले असते तरी चालले असते, पण पाने मांडलेली होती आणि जेवल्याशिवाय उठायचे कसे? आम्ही रांगेने बसलो. मधे नारायण, त्याच्या शेजारी जावई, समोर सगुणबाब, त्यांच्या बाजूला मी. भात आला, भाज्यांचे खतखते आले. मग वरणाचे भांडे घेऊन वहिनी आल्या.

इथे एक सांगायला हवे. त्या घरात एक जुनी थट्टा होती. पानावर वरण पसरू नये म्हणून भाताचा बांध घालतात ना, तर वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून दर चवथीला वरण वाढताना नारायणाला म्हणायच्या, "भावजी, बांध बरो घालात हां. तुमचो फुटता." घरची मुले ते ऐकायला टपून बसत. मीही ते वहिनींच्या तोंडून ऐकून पोटभर हसलो होतो.

वहिनी रांगेतून वाढत आल्या. डोळे लाल होते, चेहरा घट्ट. नारायणापाशी आल्या, वाकल्या आणि मुकाट्याने वाढले. कोणीही जेवत नव्हते. नारायणाने आपल्या पानाकडे पाहिले, मग वर बघून म्हणाला, "वयनी, आज म्हणना तूं?"

वहिनी पुढे सरकल्या. दुसऱ्या बाजूच्या रांगेत आल्या. मला वाढले. मग सगुणबाबांसमोर उभ्या राहिल्या, पळी भांड्यात तशीच. ते मान खाली घालून बसले होते. मला वाटले या आता न वाढताच जाणार, आणि ते या माणसाला सहन होणार नाही.

"बांध बरो घालात," वहिनी म्हणाल्या. "तुमचो फुटता."

नारायण एकदम ठसका लागल्यासारखा हसला. जावई हसला, मग सगळेच. वहिनी हसल्या नाहीत. त्या पळी भरून तशाच उभ्या राहिल्या, वाट बघत.

पुढच्या महिन्यात मी मुलाकडे पुण्याला गेलो आणि शिमग्याच्या सुमाराला सगुणबाब गेल्याची बातमी तिथे कळली. डॉक्टरांनी फोन केला होता. कपाट आता चोपड्याला नारायणाकडे आहे आणि तो वाकड्या मडगार्डाचा ट्रॅक्टर त्यात पहिल्या रांगेत आहे. पण मला सगुणबाब आठवतात ते त्या जेवणाच्या पानावरचे. साठीचा माणूस, खाकी शर्ट, डोळ्यांतून पाणी गळत होते ते पुसायचेही भान नाही. आणि वाढायला उभ्या बायकोसमोर ते चार बोटांनी भात दाबून दाबून, कुठे भोक राहू नये म्हणून, नीट बांध घालत होते.